लाऊडस्पीकर काय म्हणतो

आमच्या घरात शर्यतीच्या मोटारी चालवणारी माणसं राहत होती. दहा बाय बाराची खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीत दोन गोणपाटाची पोती. पोत्यांत एका मराठी मासिकाचे जुने अंक होते. सुरतेतल्या उधन्याच्या मिल-चाळीतलं मराठी वाचनालय बंद पडलं तेव्हा बाकीच्यांनी कपाटं नेली, खुर्च्या नेल्या. आप्पांनी ही पोती डोक्यावरून आणली. मुखपृष्ठं बहुतेक गळलेली, लिहिणाऱ्याचं नाव पानाच्या कोपऱ्याबरोबर फाटून गेलेलं. पण महिन्याच्या महिन्याला त्यात एक सदर असे, देशोदेशीच्या मोटार-शर्यतींतल्या चालकांवर. आप्पा, माझे वडील, लूमवर साड्यांचं कापड विणत. शर्यतीची मोटार त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेली नव्हती. तरी त्या सदरातल्या माणसांवर त्यांचा जीव होता. जीव होता म्हणजे किती, ते सांगायला मला हे प्रकरण लिहावं लागतंय.

सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून आप्पा पडवीत बसत आणि मोठ्यानं वाचत. मोठ्यानं म्हणजे गल्लीला ऐकू जाईल इतक्या. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा तर त्यांना ओरडावंच लागे. शेजारच्या कारखान्यातले लूम चालूच असत, भिंतीला टेकून बसलं की पाठीत खट्‌खट्‌ लागे. त्या आवाजावर स्वार होऊन आप्पा वाचत: "त्याचे हात सुईणीचे होते. घाई म्हणून नाही, आणि तरी वेळेआधी पोचलेले." किंवा, "बोलताना तो अडखळे. जे काही अस्खलित बोलायचं ते त्याच्या चाकांनी बोलून टाकलेलं असे." एक कुणी होता, सुताराचा मुलगा, त्याच्याबद्दल लिहिलं होतं की तो वळणाशी कधी भांडत नाही, वळणाची समजूत घालतो. हरल्यावर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहतो, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. हे वाक्य आलं की आप्पा थांबत, चष्मा काढत आणि आमच्याकडे बघत. आम्ही म्हणजे मी, भाऊ आणि आत चुलीपुढे माय.

माय अमळनेरकडची, तिनं आपली अहिराणी शेवटपर्यंत सोडली नाही. आप्पाही तिकडचेच, पण ती पोती आल्यापासून घरातसुद्धा छापील मराठी बोलू लागले होते. माय आतून ओरडायची, "त्या मरेल लोकेस्न्या गोष्टी कितला दिन वाचशात? भाकर थंडी व्हई गयी!" आणि खरंच, आप्पा ज्यांच्याबद्दल वाचत ते सगळे माझ्या जन्माच्या आधीच म्हातारे झालेले, नाहीतर मेलेले होते. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार, आणि थंडीत कधी आप्पा स्टेशनजवळून पोंक आणत. सुरतवाले पोंक म्हणत, आम्ही हुरडा. तो खाताना त्यांची चर्चा चाले, की त्या सुताराच्या पोराला हुरडा आवडला असता का. माय म्हणायची, त्याला बोलवा एकदा, मी पाहते तरी किती खातो ते.

हल्ली माझा नातू फोनवर शर्यती बघतो. मी शेजारी बसते. फार वेगवान असतात त्या, आणि पडद्याच्या कडेनं सारखे आकडे पळत असतात. परवा मी विचारलं, "हा पुढचा माणूस कसा आहे रे?" तो म्हणाला, "नानी, थर्ड है. गॅप ज्यादा नहीं है." म्हटलं, "अरे, माणूस कसा आहे?" त्यानं पडदा बोटानं मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "हार्ड टायर है उसका." त्याला दोष देत नाही मी. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की माणसाच्या हातांबद्दल एक अख्खं पान लिहिता येतं. मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्या शाळेचे वर्गही आता एकेक करून बंद झाले. मीही कधी वर्गात ही वाक्यं उच्चारली नाहीत. का नाही, तेच पुढे आहे.

भाऊ म्हणजे सुदाम. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शाळा सोडून तो आधी गॅरेजात लागला, मग धनसुखशेठ या कापडवाल्याचा टेम्पो चालवू लागला. कतारगामच्या लूमवरून कच्च्या कापडाचे ताके भरायचे, सचिन गावच्या कारखान्यात रंगवायला टाकायचे, रंगलेला माल बाजारात आणायचा. दिवसाला तीन फेऱ्या. दुपारच्या फेरीला तो टेम्पो आमच्या गल्लीत वळवी आणि जेवून जाई. आमची गल्ली म्हणजे दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं उतरायचं. त्यात कुणाच्या बाजा, कुणाची पिंपं, मध्येच बांधलेली शेळी. भाऊ त्यातून टेम्पो मागं घेत आणायचा, आणि पिंपाला धक्का लागायचा नाही. आप्पा रात्रपाळी करून घरी असले तर पडवीत उभे राहून बघत. एकदा ते गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले, "घाई म्हणून नाही! आणि तरी वेळेआधी पोचलेले!" गल्लीला काही कळलं नाही. भाऊचे मात्र कान लाल झाले. उतरला आणि मला हळूच म्हणाला, "सुईण केलं मला यांनी." पण त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

मला वाटतं त्याच्या मनात ते तिथूनच रुजलं. गाडी चांगली चालवणारे सुरतेत हजारो होते. भाऊला नुसतं चालवायचं नव्हतं. आपण चालवताना कसे दिसतो ते कुणीतरी शब्दांत सांगावं, असं त्याला वाटू लागलं. तो बोलला नाही कधी. पण आप्पा वाचत असले की तो मान खाली घालून नखातलं ग्रीस काढत बसे, आणि एखादं वाक्य चुकून आप्पांनी गाळलं तर त्याची मान वर होई. त्याला पाठ होती सगळी.

धनसुखशेठना हितेश नावाचा मुलगा होता, भाऊच्याच वयाचा. वाईट नव्हता. हौशी होता. त्यानं एक जुनी जीप घेतली, इंजिन उघडून नीट करायचं काम भाऊला दिलं, आणि दोघं सचिनकडच्या माळावर ती पळवायला जाऊ लागले. तेवढ्यात शहरातल्या मोटारवाल्या पोरांच्या एका क्लबनं त्याच माळावर शर्यत ठरवली. चुन्याच्या रेघा मारून, जुन्या टायरांचे ढीग रचून वाट आखायची. एका वेळी एक गाडी सोडायची. प्रत्येकीच्या दोन फेऱ्या, आणि कमी वेळात येईल त्याला कप. हितेशनं नाव नोंदवलं. पण सरावात त्यालाही कळलं की त्याच जिपेत भाऊ बसला तर जीप वेगळीच चालते. तेव्हा त्यानं तोड काढली.

मला ते शर्यतीच्या आदल्या दिवशी कळलं. नळावर पाणी भरत होते, भाऊ हात धुवायला आला. म्हणाला, "शालू, उद्या जीप मी चालवणारे."

"हो, आप्पांनी गल्लीभर सांगितलंय."

"नाव हितेशचं राहील."

मला कळेना. तो म्हणाला, "हेल्मेट असतं. तोंड दिसत नाही. नंबर त्याचा, नाव त्याचं. माईकवर पण त्याचंच नाव घेतील. तो मला बोलला, कप मारो, गाडी तारी. कप माझा, गाडी तुझी."

"आणि तू हो म्हणालास?"

"नाव कुणाचं का असेना. हात तर माझेच असतील ना?" त्यानं हात पाण्याखाली धरले. "फक्त आप्पांना सांगू नको. त्यांना माईकवरचं ऐकू येत नाही, ते एक बरंय."

शर्यतीच्या दिवशी मायनं भल्या सकाळी चूल पेटवली. शेवेची भाजी आणि भाकरी. भाऊ घाईत होता. माय त्याच्या ताटापुढून हलेना. "खाई ले पोटभर. मंग जाय." ती स्वतः आली नाही. म्हणाली, इतक्या धुळीत मी काय पाहू, तुम्ही दोघं बघून या आणि मला नीट सांगा. आप्पांनी पांढरा सदरा घातला. आम्ही बसनं सचिनपर्यंत गेलो, पुढे चालत.

माळावर बरीच गर्दी होती. कापडी मांडव, त्यात शेठलोक खुर्च्यांवर, आणि दोरीच्या अलीकडे आम्ही, कारखान्यातली माणसं, कुणी खमण खात, कुणी खांद्यावर पोरं घेऊन. खांबावर लाऊडस्पीकर. एकेक गाडी निघे, धुळीचा लोट तिच्यामागं धावे, लाऊडस्पीकरवर एक माणूस गुजरातीत भराभर बोले, आणि आप्पा माझा दंड धरून विचारत, "काय म्हणतो?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगे. चार-पाच गाड्या अशा गेल्या. मग पांढरी जीप आली. हेल्मेटमधला भाऊ मला खांद्यांवरून ओळखू आला. लाऊडस्पीकर म्हणाला, "हवे आवे छे आपणा हितेशभाई!" मांडवात टाळ्या पडल्या.

"काय म्हणतो?" आप्पांनी विचारलं.

मी सोळा वर्षांची होते. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एखाद्या पोरासारखं तोंड उघडं ठेवून ते वाट बघत होते. मी कानाशी गेले आणि ओरडले, "म्हणतो, आता येतायत सुदाम! उधन्याचे सुदाम!"

जीप सुटली. आप्पांनी दंड सोडला नाही. "आणि? आणि काय म्हणतो?" लाऊडस्पीकर तर नुसता हितेशभाई, हितेशभाई करत होता. मी सांगत सुटले. म्हणतो, या माणसाचे हात बघा. म्हणतो, घाई म्हणून नाही. म्हणतो, कितीतरी गाड्या इथं आल्या, पण वळणाची समजूत घालणारा हा एकच. पोत्यांतली जेवढी वाक्यं मला पाठ होती तेवढी मी त्या मेलेल्या माणसांच्या अंगावरून काढली आणि भाऊला घातली. आप्पांना ती ओळखू आली नसतील असं नाही. पण त्यांना वाटलं असावं की चांगल्या चालकाबद्दल जगात सगळीकडे असंच बोलतात. पहिली फेरी संपली तेव्हा जिपेची वेळ सगळ्यांत कमी होती. आप्पा रडत होते आणि शेजारच्या माणसाला ओरडून सांगत होते, "माझा मुलगा आहे!" तो हसला. म्हणाला, "काका, ये तो हितेशभाई है, शेठ का लडका." आप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी त्याचा हात धरून जोरानं हलवला.

दुसऱ्या फेरीला मी आधीपासूनच सुरू झाले. खरं सांगायचं तर मला आता मजा येत होती. शब्द आपोआप येत होते. आप्पांचा चेहरा प्रत्येक वाक्याबरोबर उजळत होता आणि मी त्या चेहऱ्याकडेच बघत होते. जिपेकडे बघतच नव्हते. मी म्हणत होते, "म्हणतो, शेवटचं वळण आलं, आणि हा त्याच्याशी भांडत नाही, हा त्याची..." आणि आप्पांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. आधी डोळे स्थिर झाले. मग तोंड मिटलं. मी तरीही वाक्य पुरं केलं. "...समजूत घालतो." मग वळून पाहिलं तर धूळ होती, आणि धुळीत जीप उलटी, तिचं एक चाक अजून फिरत होतं. लाऊडस्पीकर गप्प झाला होता. सगळीकडे शांत असताना आप्पा मला विचारत होते, "काय म्हणतो? शालू, काय म्हणतो तो?"

दवाखान्यात पोचायच्या आधीच भाऊ गेलेला होता.

हितेश तिसऱ्या दिवशी आला, दारात उभा राहून रडला, परत कधी आला नाही. त्याच्या घरच्यांनी पोलिसांत लिहून दिलं की जीप साफसफाईला दिली होती आणि त्या माणसानं न विचारता मैदानात घातली. क्लबच्या वहीत भाऊचं नाव नव्हतंच. गुजराती पेपरात चार ओळी आल्या, साड्यांच्या जाहिरातीच्या खाली. मी त्या आप्पांना वाचून दाखवल्या. जीप उलटून एका परप्रांतीय क्लीनरचा मृत्यू. नाव चुकीचं छापलं होतं. मृतदेह घरी आणल्यापासून आप्पा काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "क्लीनर?" मग पुन्हा म्हणाले, "क्लीनर?" माय भिंतीला डोकं लावून बसली होती, तिनं मान वळवली नाही.

दहावं झाल्यावर आप्पांनी कागदाचे दोन ताव आणले आणि दोन दिवस बसून लिहिलं. सुदाम कसा गाडी चालवत असे. मी ते तेव्हा पुरतं वाचलं नाही, मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन पेपरच्या ऑफिसात गेले. तिथं एका टेबलाशी पन्नाशीचा एक बातमीदार बसला होता. त्यानं आम्हाला बसायला स्टूल दिलं, पाणी मागवलं. आप्पांनी ताव पुढे केले आणि आपल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "माझा मुलगा क्लीनर नव्हता. शर्यतीत पहिला होता. हे छापा." सगळं ऑफिस वळून बघू लागलं.

बातमीदारानं हातानं शांत व्हा अशी खूण केली. मला हिंदीत म्हणाला, "बेटा, इनको समझाओ. लिस्ट में नाम हितेश का है. पुलिस का कागज भी वैसा है. मैं क्या लिखूं?"

मी आप्पांच्या कानात सांगितलं. आप्पा म्हणाले, "कागदाचं सोडा. लाऊडस्पीकरवर नाव घेत होते त्याचं! शंभर वेळा घेतलं. हजार माणसं होती. हिनं स्वतः ऐकलंय. विचारा हिला."

बातमीदार माझ्याकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "बेटा, मैं उस दिन वहीं था. मंडप में. मैंने सुना है क्या बोल रहे थे. तू बता, तेरे भाई का नाम लिया था?"

आज मला वाटतं, मी हो म्हणायला हवं होतं. तो छापणार नव्हताच. पण आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठ वाचायची त्यांना सवय होती. मी हो म्हटलं असतं तर निदान ते त्यांच्यापाशी राहिलं असतं. पण तो माणूस तिथं होता, त्यानं ऐकलं होतं, आणि माझ्यानं त्याच्यासमोर खोटं बोलवलं नाही. मी मान हलवली. नाही.

आप्पांना ती मान दिसली. ते स्टुलावरून उठले. "नाही म्हणजे?" त्यांनी पहिल्यांदाच अगदी हळू विचारलं. "मग तू मला काय सांगत होतीस?"

मी त्या तावांकडे बघू लागले.

"हात बघा म्हणाला, ते?"

मी मान हलवली.

"वळणाचं?"

"मीच, आप्पा," मी म्हटलं. "ते सगळं मीच."

त्यांनी डोळे मिटून घेतले. बातमीदारानं ताव घडी घालून त्यांच्या हातात परत द्यायचा प्रयत्न केला, त्यांनी घेतले नाहीत. म्हणून मीही घेतले नाहीत, आणि ते तिथंच टेबलावर राहिले. रस्त्यानं येताना ते माझ्या पुढे चालत होते. एकदा वाटलं थांबतील, वळतील. नाही वळले. पेपरात पुढे काहीच छापून आलं नाही.

त्यानंतर आप्पा बारा वर्षं जगले. माझ्यावर रागावले नाहीत, माझं शिक्षण थांबवलं नाही, माझ्या लग्नात स्वतः पाहुण्यांना वाढलं. पण पडवीत बसून पुन्हा कधी वाचलं नाही. पोती ना विकली, ना जाळली. दोन पावसाळ्यांत त्यांना उधई म्हणजे वाळवी लागली, आणि एके दिवशी मायनं झाडूनं सगळं सुपात भरून बाहेर टाकलं. ती वाक्यं आता फक्त माझ्याकडे आहेत, आणि मला ती नकोत. त्या सुताराच्या पोराचे हात मला अजून दिसतात, ज्याला मी कधी पाहिलं नाही. भाऊचे दिसत नाहीत. रोज समोर बसून जेवणारे हात, बोटं लांब होती की आखूड, नखं कशी होती, मला सांगता येत नाही. आठवायला गेलं की त्या पोत्यांतलं एखादं वाक्य आधी पुढं येतं.

मायला त्या लाऊडस्पीकरचं काहीच माहीत नव्हतं. आप्पांनी तिला सांगितलं नाही, मीही नाही. आप्पांच्या माघारी ती माझ्याकडे राहायला आली. म्हातारपणी तिला एकच सवय लागली होती. दुपारी मी शाळेतून आले की चहा घेताना त्या शर्यतीच्या दिवसाबद्दल विचारायची. वर्षानुवर्षं टाळत आले मी. शेवटच्या आजारात तिनं एकदा मला पलंगावर जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "त्या दिन सुदाम गाडी कशी चालाडी ऱ्हायंता? तू तर देखं ना. सांग ना माले."

मी तिचा हात हातात घेतला. मी पाहिलं नव्हतं. तो चालवत होता आणि मी दुसरीकडे तोंड करून बोलत होते.

"चांगली चालवत होता, माय."

ती वाट बघत राहिली.

"इतलंच?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.